ऊन दाखवलेली कॅसेट

पाऊस सरला की आमच्याकडे घरातल्या सगळ्या वस्तूंना ऊन दाखवतात. गोधड्या, कडधान्यं, चपलासुद्धा. यंदा आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, त्यांत बाबांची कॅसेटही ठेवली. बुरशीचे पांढरे ठिपके आले होते, म्हणून. मी लेकीला, मनस्वीला, निजवून बाहेर आले, तोवर अंगणाच्या कडेच्या चिऱ्याच्या गडग्यावर कॅसेट पापडासारखी वाकली होती.

बाबा, माझे सासरे, पोस्टात होते. संध्याकाळी घरी येऊन सतार वाजवायचे. ते गेले, आणि त्यांचं वाजवणं उरलं ते एवढंच: कॅसेटच्या एका बाजूला राग पूरिया धनाश्री. माझा नवरा विनीत बोटीवर नोकरीला आहे. जाताना म्हणाला होता, "तेवढी मोबाइलवर घेऊन ठेव. पोरीला आजोबा ऐकू देत."

"गेली काय गो?" आईंचा चेहरा पार उतरला.

"वरचं प्लास्टिक वाकलंय. आतली फीत बघू."

"मेली माझी अक्कल! गोधडी नि हे एकच समजले."

मनस्वी उठायच्या आत उरकायचं होतं. चष्म्याच्या बारीक स्क्रू-ड्रायव्हरने कॅसेट उघडली, फितीची दोन्ही चाकं अलगद उचलली आणि आरत्यांच्या जुन्या कॅसेटमधली फीत काढून त्या रिकाम्या कॅसेटमध्ये ती बसवली.

"गणपती रागावेल हो," आई पुटपुटल्या.

"त्याला आरत्या पाठ आहेत."

मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू करून टेपरेकॉर्डर लावला. नुसती खरखर. आईंनी माझा दंड घट्ट धरला. मग एकदम, आलापाच्या मधूनच, सतार स्वच्छ वाजू लागली.

"सुरुवात गेली, आई. वरचे वेढे चिकटलेत."

त्यांनी अख्खी बाजू डोळे मिटून ऐकली. मग म्हणाल्या, "सुरुवातीला मी होते. मशीन लावून हे सतार घेऊन बसले, नि मी आतून ओरडले, 'अहो, चहा ठेवू काय?' जन्मभर बोलले मला, माझी कॅसेट बाटवलीस म्हणून."

"मग पुसून पुन्हा का नाही केली?"

"तेच तर. कधी केली नाही."

मी रेकॉर्डिंग पुन्हा चालू करून मोबाइल त्यांच्यापुढे धरला. "पुन्हा म्हणा. पुढे जोडते."

"आता कुणाला विचारू गो?" आई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "तू घेशील काय चहा?"

"घेईन."

विनीतला तसंच पाठवलं. आधी आम्ही दोघी, मग बाबा.