बाहेर गेलेला कागद

माझा भाचा श्रीपाद बी.ए. झाला तेव्हा धारमध्ये आम्ही जेवढे पेढे वाटले, तेवढी अक्कल त्याच्या डोक्यात असती तर ही गोष्ट घडलीच नसती. मी त्याचा मामा, दत्तोपंत. मला असे बोलायचा हक्क आहे. आणि त्या दिवशी माझी स्वतःची अक्कल काय करीत होती, तेही मी पुढे सांगणार आहे.

हे १९१२ साल. सरदार मालोजीराव वारल्यावर त्यांच्या पत्नी जमुनाबाईसाहेबांनी त्यांच्या नावाने एक शिष्यवृत्ती ठेवली. पदवीधर मुलाने बडोद्यास जाऊन वर्षभर ग्रंथालयाचे आणि जुन्या कागदांचे काम शिकावे, मग परत येऊन वाड्यातले दफ्तर सांभाळावे. नवऱ्याच्या नावाने देऊळ बांधायचे सोडून बाई कागदांच्या मागे लागल्या, म्हणून गावातले लोक हसले. श्रीपाद मात्र त्या रात्री जेवला नाही, इतका हरखला.

लहानपणापासून त्याला हेच वेड. वाण्याच्या पुडीचा कागद जुना मोडीतला निघाला, की साखर एकीकडे आणि हा कागद वाचत बसलेला. शिष्यवृत्ती नाही मिळाली तर मनावर गावच्या शाळेत मास्तरकी ठरलेली होती. माझ्या विधवा बहिणीला, दुर्गेला, मास्तरकीही चालली असती. पण ती एकदा मला म्हणाली, "दादा, तो मनावरला गेला तर नोकरी करील. बडोद्याला गेला तर सुखात राहील."

अर्ज तिघांचे आले. अट अशी की महिनाभरात वाड्याचे दफ्तर लावायचे आणि शेवटी बाईसाहेब मागतील तो कागद काढून दाखवायचा. आतली धूळ बघून दोघांनी काढता पाय घेतला. श्रीपादने उपरण्याने नाक बांधले आणि कामाला लागला. मी तिथला कारकून, नोकरीला चारच वर्षे झालेला, त्याच्या मदतीला.

दफ्तर म्हणजे तीनशे रुमाल. कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्याला आम्ही रुमाल म्हणतो. ते बांधायचे काम चाळीस वर्षे मानाजीबाबांचे. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण गठ्ठा हातात घेऊन कोणत्या गावचा ते सांगत. नेमके त्या महिन्यात ते मुलीच्या बाळंतपणाला मनावरला गेलेले.

श्रीपादने रुमाल झाडले, कडुनिंबाचा पाला घातला, आकडे टाकले. दहाबारा रुमालांच्या गाठीला लाल दोरा बांधलेला होता.

"मामा, हे काय?"

"नवसाचे असतील," मी म्हणालो. आमच्याकडे देवीच्या झाडाला असेच दोरे बांधतात, आणि मानाजीबाबा देवीचे मोठे भक्त. वाटले, म्हाताऱ्याने कागदांसाठीही नवस बोलला असेल.

श्रीपाद कॉलेजातून सुधारणा शिकून आलेला. "दफ्तरात देवदेव नको," असे म्हणून त्याने कात्री घेतली. मी खाली टोपली धरली.

परीक्षेच्या दिवशी दफ्तर असे दिसत होते की माझीच मान ताठ झाली. बाईसाहेब बांबूच्या चिकाच्या पडद्याआड बसल्या. पुढे त्यांचे कारभारी विश्वासराव. हेही नवेच, दोन वर्षांचे.

"नालछ्याच्या बारवेचा कागद काढा," बाईसाहेब म्हणाल्या. त्यांची मुलगी बकुळा सहाव्या वर्षी गेली, तिच्या नावाने मालोजीरावांनी नालछ्याच्या वाटेवर ती बारव बांधली होती. "त्यावर दोघांच्या सह्या आहेत, त्यांची आणि माझी. मला बघायच्या आहेत."

श्रीपाद सरळ एकशे एक्केचाळीस नंबरच्या रुमालापाशी गेला. गाठ सोडली, वेष्टन काढले. वेष्टनावर स्पष्ट लिहिलेले, बारव, नालछे. आत काही नव्हते. त्याने यादी वेष्टनांवरून केली होती. प्रत्येक घडी उघडायला महिना पुरला नव्हता. त्याने वेष्टन उलटे करून झटकले.

"या दफ्तराला हात कोणाचा असतो?" विश्वासराव म्हणाले. "मानाजीचा. म्हणजे कागद विकला."

त्याच वेळी मानाजीबाबा दारात उभे होते. मनावरहून येऊन थेट इकडेच आलेले, गाठोडे अजून खांद्यावर.

"इकला न्हाई सरकार," ते म्हणाले. "त्या रुमालाला लाल दोरा हाय बघा. कागद भायेर गेला की दोरा बांधायचा, घरी आला की सोडायचा. म्हाज्या बापापासून ही रीत हाय."

"जावकची वही?"

"ती तर दीमक खाऊन गेली. म्हणून तर दोरा."

"मग कुठे आहे दोरा?"

मानाजीबाबांनी रुमालाकडे पाहिले. मग शेजारच्या, मग साऱ्या फळ्यांकडे. खोलीभर एकही लाल दोरा नव्हता. "होता," एवढेच त्यांच्या तोंडून निघाले.

"किल्ली खाली ठेव," विश्वासराव म्हणाले.

म्हातारा कमरेची किल्ली सोडू लागला. मी श्रीपादकडे पाहिले. आणि आता सांगतो, मी त्याला मान हलवून खुणावले, गप्प बस. मला दुर्गा दिसत होती, मनावरची शाळा दिसत होती. मानाजीबाबा मला त्या घटकेला दिसले नाहीत. याची लाज मला आजही वाटते.

श्रीपादने माझी खूण बघितली. मग तो पडद्याकडे वळला.

"दोरे मी कापले, बाईसाहेब. मला नवसाचे वाटले. मानाजीबाबांना विचारायला हवं होतं, ते मी केलं नाही."

"म्हणजे परीक्षा..." विश्वासराव म्हणाले.

"नापास," तोच म्हणाला, आणि त्याने किल्ली उचलून मानाजीबाबांच्या हातात दिली.

 बाईसाहेबांनी पडद्याआडून विचारले, "मानाजी, कागद कोणी नेला?"

"मालकांनी सोता दिला. देवासच्या दत्ताजीरावांना."

देवासला मी गेलो. दत्ताजीराव मालोजीरावांचे चुलतभाऊ. त्यांनाही तशीच बारव बांधायची होती म्हणून नमुन्याला कागद नेला; बारव बांधायची राहिली आणि कागद देवाच्या पेटीत राहिला. बाईसाहेबांनी त्या दोन सह्यांवरून बोट फिरवले आणि कागद परत दिला. मानाजीबाबांनी तो वेष्टनात ठेवला, रीतीप्रमाणे "कागद घरी आला" म्हणाले. सोडायला दोरा नव्हता, म्हणून हात तसेच घेऊन उभे राहिले. श्रीपाद बाहेर जाऊन रडला.

त्या वर्षी शिष्यवृत्ती कोणालाच मिळाली नाही. श्रीपाद मनावरलाही गेला नाही. रोज दफ्तरात येऊन मानाजीबाबांपुढे बसायचा. "बाबा, अजून कोणत्या रुमालाला दोरा होता?" म्हातारा डोळे मिटून, रुमाल चाचपून आठवायचा. उरलेल्या अकरातले नऊ कागद दोघांनी मिळून शोधले. दुसऱ्या वर्षी बाईसाहेबांनी निरोप धाडला, "श्रीपादने बडोद्याची तयारी करावी. परीक्षा झाली आहे."

तो निघाला त्या सकाळी मानाजीबाबा दफ्तरात काहीतरी करीत होते. श्रीपाद रोज पगडी अडकवायचा त्या खुंटीला त्यांनी लाल दोरा बांधला.

"बाबा, मी लिहून दिलंय, परत येईन म्हणून," श्रीपाद म्हणाला.

"मला कुठं वाचता येतं, भिया?" म्हातारा म्हणाला आणि गाठ आवळली.

वर्ष सरता सरता श्रीपादचे पत्र आले. तिकडेच चांगली जागा देतात, बाईसाहेबांना विचारून करारातून मोकळे होता येईल का, असे लिहिले होते. मानाजीबाबांना आताशा दिसत नसे. रोज भिंत धरून ते खुंटीपर्यंत जात आणि दोरा चाचपत. "पत्रात काय हाय?" त्यांनी विचारले. "येतोय," मी धडधडीत खोटे बोललो. आणि त्याच दिवशी बडोद्यास एक ओळ लिहिली. खुंटीला दोरा आहे.

पंधराव्या दिवशी तो दारात उभा. बूट न काढता आत आला, मग आठवण होऊन बाहेर जाऊन काढून आला.

"बाबा, मी आलो. दोरा सोडता ना?"

मानाजीबाबा उठले, खुंटीपर्यंत गेले. वर्षभराची गाठ घट्ट बसलेली, बोटांना सुटेना. श्रीपादने हात पुढे केला तर म्हाताऱ्याने तो झटकला. "ज्यानं बांधला त्यानं सोडायचा," म्हणाले, आणि टाचा उंचावून उरलेल्या दोन दातांनी ती गाठ सोडवू लागले. आम्ही दोघे तसेच उभे राहिलो. बऱ्याच वेळाने दोरा सुटला. तो त्यांनी नीट गुंडाळून कनवटीला लावला, श्रीपादच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाले,

"कागद घरी आला."