कढीपत्त्याचं पाणी

“मावशी, ही बादली आधी बाहेर काढा, मला बसायला जागा होऊ द्या,” ओट्याखाली डोकं घालत बंकट म्हणाला.

साखराबाईंनी बादली काढली, पण मोरीत ओतली नाही. दोन्ही हातांनी धरून परसात नेली आणि भाजी धुतलेलं ते पाणी कढीपत्त्याच्या बुडाशी सोडलं. मग येऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या.

आष्टीतलं हे जुनं घर बंकटच्या ओळखीचं होतं. बेसिनचा गंजलेला ट्रॅप त्यानं सकाळीच बदलला होता. राहिला होता सिंकखालचा. गटाराचा वास अडवणाऱ्या त्या बाटलीसारख्या पितळी ट्रॅपची खालची वाटी दुष्काळात त्यानंच काढून दिली होती, वापरलेलं पाणी बादलीत पडावं म्हणून. त्या साली निम्म्या गावाचे ट्रॅप त्यानं असेच उघडे केले. प्लंबरनं पाणी गळतं करून द्यायचं आणि लोकांनी वर चहा पाजायचा, असा धंदा त्यानं पुन्हा कधी केला नाही. आता तेच ट्रॅप बंद करत तो घरोघर फिरत होता. पोट दोन्हीकडून भरत होतं, तक्रार कशाला करायची?

“ऱ्हाऊ दे की रं तसंच,” साखराबाई म्हणाल्या. “कावून बदलायलास?”

“आई, परवा स्वप्ना घसरून पडली,” त्यांचा मुलगा परमेश्वर बाहेरून बोलला. “बादली भरून वाहती, झुरळं येत्यात, लई वास सुटतोय.”

“मंग माझ्या झाडाला काय? समदी गल्ली फोडणीला त्याचाच पाला नेती.”

“नळ हाय की आई. पाइप लावून घाला,” सून स्वप्ना म्हणाली. तिच्या कमरेला पट्टा होता, पण आवाजात राग नव्हता.

“नळाचं? प्यायचं पाणी झाडाला?” साखराबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. “आमी हंड्याहंड्यासाठी कोसभर गेलतो, पोरी. माझा हात न्हाई धजायचा.”

सगळ्यांचंच बरोबर होतं, हीच पंचाईत होती.

बंकटनं नवा पांढरा ट्रॅप बसवला, नळ सोडला आणि खाली तळहात धरून पाहिलं. एक थेंब पडला नाही. एरवी यात त्याला समाधान वाटायचं, आज वाटलं नाही. साखराबाई रिकामी बादली उचलून निघून गेल्या.

उन्हाळ्यात तो शेजारच्या राधाकिशनच्या गच्चीवर टाकी दुरुस्त करायला चढला. तिथून साखराबाईंचं परस दिसत होतं. कढीपत्ता खालून पार उघडा पडला होता, शेंड्याला तेवढी पानं उरली होती.

साखराबाई तांब्या घेऊन आल्या. झाडाजवळ त्यांनी तो कलता केला आणि पुन्हा सरळ धरला. त्यांना ओतवेना. मग त्या झाडाच्या बुडाशी उकिडव्या बसल्या आणि हात धुवायला लागल्या. हात स्वच्छच होते. तरी त्यांनी ते चोळून चोळून धुतले, मग तोंड धुतलं, मग पाय.

बंकट टाकी सोडून तिकडंच बघत राहिला.

“काय बगायलास बे?” खालून राधाकिशननं विचारलं.

“काय न्हाई,” तो म्हणाला.

खाली तांब्या रिकामा झाला होता. साखराबाईंनी पदराला हात पुसले नाहीत. ओले हात त्यांनी झाडाच्या बुडाशीच झटकले.