मान्सिक्कीच्या दाराखालचं भोक

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे, हे मी स्वतःच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही पाठीमागे कुजबुजायला नको. एकतीस वर्षं पुरी झाली मला. रंग लाल, पाठ लांब, आणि मागे अख्खं कपाट आडवं मावेल एवढी जागा. माझं नाव मान्सिक्की. आमच्या फिनलंडमध्ये हे नाव गायीला ठेवतात, लाल गायीला. पहिल्याच दिवशी ताइस्तोनं माझ्या टपावर थाप मारून हे नाव जाहीर केलं, तेव्हा मला असा राग आला होता म्हणून सांगू! मी नवीकोरी मोटार, आणि मला गाय म्हणतो? पण पुढे कळलं की त्याच्या लहानपणी घरातल्या मान्सिक्कीवर पाच भावंडं वाढली होती. मग मी ते नाव ताठ मानेनं मिरवलं.

माझी मालकीण हिल्का. ती तळ्याकाठच्या सात वाड्यांची नर्स होती, आणि ताइस्तो तिचा नवरा, लाकडी नावा बांधणारा. दोघांना मूलबाळ नाही. मीच काय ती त्यांच्या अंगणातली लाडावलेली. थंडीत उणे तीसपर्यंत पारा उतरायचा. इंजिन गोठू नये म्हणून ते गरम ठेवणारी माझी वायर अंगणातल्या विजेच्या खांबाला जोडलेली असायची. अशा सकाळी शेजाऱ्यांच्या गाड्या खोकत बसायच्या आणि मी? एका किल्लीत सुरू! हिल्का पिशवी टाकायची, म्हणायची, "चल गं बाई," आणि आम्ही निघायचो. माझ्या मागच्या सीटवर एक मुलगी जन्माला आली आहे, ठाऊक आहे का? तिची आई अजून मला रस्त्यात पाहिलं की हात हलवते. हिल्काला नव्हे, मला.

आता माझा वैरी कोण ते सांगते. मीठ. हिवाळ्यात मोठ्या रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यानं बर्फ वितळतो, माणसं घसरत नाहीत, सगळं कबूल. पण ते मीठ आमच्या पोटाखाली जाऊन बसतं आणि गुपचूप पत्रा खातं. माझ्याबरोबरच्या किती गाड्या त्यानं गिळल्या! मी मात्र टिकले, आणि त्याला कारण ताइस्तोचा तेर्वा.

तेर्वा म्हणजे पाइनच्या लाकडापासून भट्टी लावून काढलेलं दाट तपकिरी डांबर. आमच्याकडे नावेला तेर्वा लावतात, स्कीला लावतात, साउनात, म्हणजे वाफेच्या अंघोळीच्या खोलीत, वासासाठी दोन थेंब टाकतात. जून उजाडला की ताइस्तो आवारात चूल मांडून तेर्वा तापवायचा. नाव न्हाऊनमाखून झाली की उरलेला तेर्वा जवसाच्या तेलात पातळ करून माझ्या दाराखालच्या पोकळ पट्ट्यांमध्ये सोडायचा. मग आठवडाभर मला असा वास यायचा की हिल्काच्या रोग्यांना वाटायचं, बाई नावेतूनच आली.

जुन्या गाडीची आमच्याकडे दरवर्षी तपासणी असते. मला कधी तिची धास्ती वाटली नाही. तपासनीस खाली वाकून बॅटरी मारायचा आणि म्हणायचा, "हिचं वय कागदावर चुकून जास्त पडलंय की काय?" मी मनातल्या मनात फुलून जायची. खोटं कशाला बोलू, ते ऐकायला मी वर्षभर थांबलेली असायची.

मग चार वर्षांपूर्वी ताइस्तो नावेची फळी तासता तासता खाली कोसळला. मेंदूत रक्त साकळलं होतं. उजवं अंग गेलं, आणि बोलणंही. एकच शब्द शिल्लक राहिला, नो नीन. मित्रांनो, आमच्याकडे हा शब्द म्हणजे काय नाही ते विचारा. बरं तर, चला, झालं एकदाचं, आता काय करायचं, हे काय करून ठेवलंस, हे सगळं त्यातच, फरक फक्त सुराचा. ताइस्तोचा सगळा संसार आता त्या एका शब्दावर चालतो, आणि हिल्काला त्याचा प्रत्येक सूर कळतो.

तिला एकटीला त्याला उचलणं झेपेना. म्हणून तो शहरातल्या सेवागृहात असतो, इथून शेहेचाळीस किलोमीटर. पण शनिवार आमचा! शनिवारी हिल्का मला काढते, त्याला घरी आणते, शेजारचा रेयो त्याला साउनात बसवतो, आणि रविवारी आम्ही त्याला परत सोडून येतो. बस केव्हाच बंद झाली. रेयोकडे ट्रॅक्टर आहे, पण त्यावर ताइस्तोला बसवणार कसं? तेव्हा मी आहे तोवर शनिवार आहेत. हे मला पक्कं ठाऊक होतं.

आणि तरीही मी एक गोष्ट लपवली. या चार वर्षांत तेर्वा कुणीच लावला नव्हता. उजव्या, ताइस्तोच्या बाजूच्या दाराखालच्या पट्टीत आतून गंज धरला होता. आधी नुसती खाज, मग पापुद्रे, मग पोकळ. बाहेरून मात्र लाल रंग शाबूत. लोक म्हणायचे, "काय ठेवलीय गाडी!" आणि मी गप्प बसायची. कौतुकाची सवय वाईट असते हो. तेव्हाच जरा खडखडाट केला असता तर पुढचं रामायण टळलं असतं.

मे महिन्यात तपासणीची तारीख आली. हिल्का मला धूत होती, आणि तिच्या हातात पट्टीचा एक पापुद्रा आला, बिस्किटाएवढा. ती तशीच ओल्या चिखलात बसली. एवढ्यात रेयो कुंपणाशी आला. जन्मभर वेल्डिंग केलेला माणूस, पण जीभ त्याच्या ठिणगीपेक्षा तिखट.

"हिल्का, ही गाय आटली आता. कसायाकडे धाड."

"आधी तुझा ट्रॅक्टर धाड. तो तर बैलही नाही, बोकड आहे बोकड!"

"बोकड तर बोकड, त्याच्या पोटाला भोक नाही."

हिल्का उठली आणि तरातरा नावेच्या शेडमध्ये गेली. ताइस्तोचा तेर्व्याचा डबा तिथे तसाच होता. तिनं तो चुलीवर तापवला आणि गंजावरच दोन हात दिले. भोकावर तर चांगला जाड थर. आमच्याकडच्या माणसांचा तेर्व्यावर असा विश्वास! मला बाई ऊब लागून बरं वाटलं. चूक होती ती, आणि त्यात मीही सामील होते.

तपासणी शनिवारी ठरली. हिल्कानं आधी ताइस्तोला सेवागृहातून घेतलं. अर्ध्या तासाचं काम, मग थेट घरी साउनात, असा बेत. तपासनीस होती औती नावाची एक तरुण मुलगी, बाह्या कोपरापर्यंत वर केलेली. ब्रेक तपासले, उत्तम. दिवे उत्तम. धूर उत्तम. मी नाक वर करून उभी. मग तिनं मला वर उचललं, खाली शिरली आणि थबकली. बाहेर येऊन तिनं हिल्काला हाक मारली.

"तुम्ही जरा आत येता का?"

"‘तुम्ही’ कुणाला म्हणतेस? माझ्यामागे आणखी कोणी उभं आहे का?" हिल्का आत येत म्हणाली. आमच्याकडे म्हाताऱ्यांना ‘तुम्ही’ म्हटलं की त्यांना वाटतं, आपल्याला आतापासूनच फोटोत टांगलं.

"इथे साउनाचा वास येतोय," औती म्हणाली.

"तेर्वा आहे तो. नावा बांधणाऱ्याच्या घरची गाडी आहे ही."

"नाव असती तर मी आत्ता पाण्यात सोडली असती. पण हिला रस्त्यावर चालायचंय." औतीनं टोकदार हातोडी पट्टीवर मारली. ती आधी चिकटली, आणि दुसऱ्या घावाला भस्सकन आत गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "सीटबेल्ट खाली इथेच बांधलेला असतो. उद्या ठोकर बसली तर तुमचा माणूस पट्ट्यासकट पुढे जाईल. मी ही पास करू शकत नाही."

"ब्रेक उत्तम म्हणालीस ना? दिवे? धूर?"

"सगळं उत्तम."

"मग एवढ्याशा भोकासाठी?"

"भोक एवढंसं नाहीये. तुम्ही लपवलंय म्हणून एवढंसं दिसतंय."

"लपवलं?" हिल्काचा आवाज चढला. "अगं, छत्तीस वर्षं नर्स होते मी! मी औषध लावलं त्याला!"

औती हळूच म्हणाली, "गळवावर पावडर मारली की ते बरं होतं का?"

हिल्काचे डोळे भरून आले. मला माहीत होतं ती कसला विचार करतेय. साउनाचा, शनिवारांचा.

तेवढ्यात दारातून चाकांची खुर्ची आत आली. ताइस्तो एका पायानं स्वतःला ढकलत येत होता. औती म्हणाली, "इथे आत यायची परवानगी नाही हं," पण त्यानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. त्यानं डावा हात वर करून माझ्या पट्टीवर बोट फिरवलं, वास घेतला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"नो नीन!" म्हणजे, हे काय करून ठेवलंस?

"तूच लावायचास ना!" हिल्का रडवेली होऊन म्हणाली.

त्यानं हातोडीसाठी हात पुढे केला. औतीनं एकदा हिल्काकडे पाहिलं, आणि का कोण जाणे, दिली. त्यानं डाव्या हातानं भोकाच्या कडेवर घाव घातला. गंजाचा तुकडा खाली पडला. आणखी एक घाव, आणखी एक तुकडा. भोक वीतभर झालं, दोन वीत झालं. मला दुखत होतं, पण मी दात आवळून राहिले. शेवटी एका घावाला आवाज बदलला. ठण्ण! त्यानं तिथे थांबून तेर्व्यानं बरबटलेल्या बोटानं एक आडवी रेघ ओढली. दुसऱ्या टोकालाही तसंच ठोकून पाहिलं आणि दुसरी रेघ ओढली.

"नो नीन," तो शांतपणे म्हणाला.

हिल्कानं डोळे पुसले. "कापायचं म्हणतोय. नावेची फळी कुजली की तो चांगलं लाकूड लागेपर्यंत कापायचा. तेर्वा त्यानंतर."

"बरोबर म्हणतायत," औती म्हणाली. "आज घरी न्या. महिन्याभरात दुरुस्त करून आणा. तोवर रस्त्यावर दिसायला नको."

घरी आल्यावर रेयोनं खाली वाकून पाहिलं आणि कानांवर हात ठेवले. "मी नाही हात लावणार. भंगाराला कुठे ठिगळ लावू?"

"नो नीन!" ताइस्तो खुर्चीतून असा गरजला की अंगणातले कावळे उडाले.

"बरं बाबा, बरं. ओरडतोस कशाला?" रेयो म्हणाला आणि यंत्र आणायला गेला.

सेवागृहाला फोन करून हिल्कानं ताइस्तोसाठी दोन आठवड्यांची रजा मागून घेतली. रेयो दोन्ही वेळा उचलायला येत होता म्हणून जमलं. पण ती मुदत होती. मी दुसऱ्यांदा नापास झाले तर ताइस्तोला भाड्याच्या गाडीनं परत नेऊन सोडायचं, आणि मग शनिवार संपले. यावर कुणी बोलत नव्हतं, पण हिल्का स्वयंपाक करता करता मधेच थांबायची.

रेयोनं दोन्ही रेघांवर बरोबर कापलं. उघड्या पट्टीत ऊन शिरलं, चार वर्षांची घाण बाहेर आली. लाज वाटली मला, मित्रांनो, पण हलकंही वाटलं. नवा जाड पत्रा बसवताना ताइस्तो शेजारी बसून होता. सांधा कच्चा राहिला की नो नीन, पक्का झाला की नो नीन. रेयो वैतागून म्हणाला, "हिल्का, या माणसाला एकच शब्द उरलाय आणि त्यातही तो शिव्याच देतो!" त्यावर ताइस्तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

मग जून आला. हिल्कानं चूल मांडली. ताइस्तोच्या डाव्या हाताला तिनं लांब दांड्याचा ब्रश दिला, आणि त्यानं नव्या, कोरड्या, स्वच्छ पत्र्याला आतून तेर्वा लावला. उजव्या हातानं तासाभरात होणारं काम त्याला दोन दिवस लागलं. पण एकही कोपरा सुटला नाही.

औतीनं मला परत वर उचललं. या वेळी माझा सगळा तोरा उतरलेला होता. तिनं हातोडी मारली. ठण्ण. पुढे मारली. ठण्ण. पार मागच्या चाकापर्यंत ठण्ण ठण्ण ठण्ण! असा गोड आवाज मी माझ्या भोंग्याचाही ऐकला नाही. ती बाहेर आली, बोटाचा वास घेतला.

"हिल्का, तुझी गाडी पास," ती म्हणाली. या वेळी ‘तुम्ही’ नाही! "पण आतून इतका नीट तेर्वा कुणी लावला?"

ताइस्तोनं डावा हात माझ्या दारावर ठेवला. "नो नीन," तो म्हणाला.

हिल्का अर्थ सांगायला पुढे झाली. औतीनं तिला हातानं थांबवलं. "सांगू नकोस. कळलं मला."

मित्रांनो, एवढंच सांगणं आहे. तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी जुनी असेल तर तिचा रंग बघून खूश होऊ नका. वर्षातून एकदा खाली वाका, बोटानं टकटक करून ऐका. पोकळ वाजलं तर वरून फासू नका, चांगला पत्रा लागेपर्यंत कापा. दुखेल तिला. चालेल. मी अजून आहे ना!

आज शनिवार आहे, आणि मी सेवागृहाच्या दारात उभी आहे. रेयोनं घरी साउना पेटवली असेल. ताइस्तोनं डाव्या हातानं पट्टा ओढला, आणि नव्या पत्र्याला बांधलेला तो पट्टा कट्टकन बसला. हिल्का म्हणाली, "चल गं बाई." तिनं किल्ली फिरवली, आणि मी सुरू झाले. एका किल्लीत.