जावईबापूंनी बंद केलेला टचपॅड

या कामात कुणालच्या पदरात पडणार होते ते नाव. लग्नाला सात महिने झाले, तरी गोत्री भागातल्या सासरी त्याची ओळख ‘बाजव्याच्या कुलकर्ण्यांचा मुलगा’ एवढीच होती. सासऱ्यांचा लॅपटॉप एकदा ताळ्यावर आणला, की ‘आमचे हुशार जावई’ व्हायला कितीसा वेळ!

सासरे मानसिंगराव म्हणजे मराठी मंडळाचे अठरा वर्षांपासूनचे चिटणीस. मंडळाचे सगळे कागद लॅपटॉपवर, आणि त्यात लिनक्स ही प्रणाली घातलेली कुणालनेच. तक्रार एकच होती: टाइप करताना तळहात टचपॅडला लागे आणि बाण भलतीकडे उडे.

“दोन मिनिटांचं काम, पप्पा!” म्हणत कुणालने माउस जोडला, सेटिंगमध्ये टचपॅड बंद केला आणि शिरा दुसऱ्यांदा वाढून घेतला.

आठवड्याने फोन आला. “जावईबापू, लॅपटॉप उघडतानाच पासवर्ड चुकीचा म्हणतोय हो. चार-चारदा.”

“विसरला असाल, पप्पा. वय झालं की व्हायचंच!” कुणाल हसला. पलीकडून हसू आले नाही. फोनही पुन्हा आला नाही.

महिन्याभराने जेवायला गेला, तेव्हा सासूबाईंकडून कळले की सासऱ्यांनी ब्राह्मीच्या गोळ्या सुरू केल्यात आणि चिटणीसपद मंडळातल्या संपतरावांना देऊन टाकलेय.

“स्वतःचा पासवर्ड लक्षात राहीना, मंडळ काय सांभाळणार?” मानसिंगराव ताटाकडे बघत म्हणाले.

कुणालने लॅपटॉप ओढला आणि त्यांच्या चिठ्ठीवरचा पासवर्ड टाइप करू लागला. तळहात टचपॅडला लागला, बाण उडाला, लॉगिनच्या यादीतल्या सासूबाईंच्या नावावर जाऊन बसला. अर्धा पासवर्ड इकडे, अर्धा तिकडे. आता कुणालच्या लक्षात आले. त्याची सेटिंग चालायची ती आत शिरल्यावर. लॉगिनच्या पडद्याला नियम वेगळा लिहावा लागतो. तो पडदा त्याने त्या दिवशी उघडून बघितलासुद्धा नव्हता.

त्याने तो नियम लिहिला, लॅपटॉप पुन्हा सुरू केला. मानसिंगरावांनी चिठ्ठी न बघता टाइप केले. पहिल्याच फटक्यात उघडला.

“गोळ्यांचा गुण!”

“नाही पप्पा, चूक माझीच होती. तुम्ही काहीच विसरला नव्हता.”

“राहू द्या हो!” मानसिंगरावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. “मंदाकिनी, बघितलंस? सासऱ्याला वाईट वाटू नये म्हणून स्वतःवर घेतात. नशीब काढलंय पोरीनं. वाढ त्यांना आणखी!”

बायको, राजेश्वरी, तेवढी नवऱ्याकडे टक लावून बघत होती.

हिशेब असा लागला: चूक कुणालची, कौतुकही कुणालचेच. मानसिंगरावांचे चिटणीसपद गेले, आणि स्वतःच्या डोक्यावरचा भरवसाही.