काहीही न बदललेलं कार्ड

दवाखान्याच्या काउंटरवर काकूंनी सव्वीस वर्षं काढली होती. नुसत्या खोकल्यावरून दारात कोण आलंय ते त्या सांगायच्या. अशा बाईने एका मुलाच्या कॉम्प्युटरमधल्या कार्डावर 'हे औषध चालत नाही' ही नोंदच केली नाही, असं निघालं. मुलाच्या आईने ऐन वेळी डॉक्टरीणबाईंना अडवलं, म्हणून निभावलं. डॉक्टरीणबाई रागावल्यासुद्धा नाहीत. "वयामुळे होतं असं, काकू," एवढंच म्हणाल्या, आणि तेच काकूंच्या जिव्हारी लागलं.

कारण नोंद केल्याचं काकूंना लख्ख आठवत होतं. त्यांच्या आईलाही असंच सगळं लख्ख आठवायचं, गॅस बंद केल्याचंसुद्धा. शेवटी तिने पोटच्या पोरीला "आपण कोण?" असं विचारलं होतं. दोन महिन्यांनी निवृत्त होऊन काकू नातीला सांभाळणार होत्या. त्या संध्याकाळी त्यांनी लेकीला फोन केला. "पोरीला माझ्यावर सोडू नकोस. दुसरं कुणीतरी बघ." कारण सांगायला जीभ रेटेना. लेक बरं म्हणाली.

तीन आठवड्यांनी प्रिंटर बघायला प्रोग्रामर आला. दवाखान्याचं सॉफ्टवेअर त्यानेच लिहिलेलं. काकूंनी धीर करून विचारलं, "लिहिलेलं आपोआप पुसलं जातं का रे?"

"छे हो, काकू!" त्याने झुरळ झटकावं तसा प्रश्न झटकला. पण त्यांचा चेहरा बघून खुर्ची ओढून बसला. "एका खोट्या कार्डावर लिहून दाखवा बरं."

काकूंनी लिहिलं. तेवढ्यात फोन खणखणला. एका हाताने तो उचलत त्यांनी दुसऱ्या हाताने कार्ड बंद केलं. प्रोग्रामरने ते पुन्हा उघडलं, तर रकाना कोरा. काकूंचा चेहरा पडला. त्याचा त्याहून जास्त.

"मध्ये 'नाही' का दाबलंत?"

"मी कुठे काय दाबलं?"

"'बदल सेव्ह करायचे का?' असं विचारलं ना त्याने."

"ते होय! ते तर प्रत्येक कार्डाला विचारतं, नुसतं बघून बंद केलं तरी. तूच नाही का म्हणालास, काही होत नाही, 'नाही' दाबत जा?"

म्हणाला होता. दोन वर्षांपूर्वी, घाईघाईत. कार्ड उघडताना डॉक्टरांच्या नावांची यादी आपोआप भरायची आणि प्रोग्राम त्यालाच बदल समजायचा. दुरुस्ती सोपी होती. उघडतानाची माहिती बाजूला ठेवायची, बंद करताना ताडून बघायची, फरक असला तरच विचारायचं: तासाभराचं काम. ते टाळून या शहाण्याने काकूंच्या बोटालाच सवय लावली होती. दिवसातून शंभरदा उगाच विचारलेल्या प्रश्नाला बोट परस्पर उत्तर देऊ लागलं, आणि एकदा तो प्रश्न खरा होता.

"काकू, तुम्ही लिहिलं होतं. विसरला नव्हतात. चूक माझी आहे."

"पुन्हा म्हण."

तो पुन्हा म्हणाला. मग उठून हेच सांगायला डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेला, एवढं मात्र त्याच्या बाजूने बोलायला हवं.

काकूंना राग आला नाही असं नाही. तीन आठवडे रोज सकाळी त्या घरातल्या सगळ्यांचे वाढदिवस स्वतःशी म्हणून बघत होत्या. पण त्याला फैलावर घ्यायला वेळ होता. रांगेतल्या लोकांना "दोन मिनिटं हं" म्हणून त्यांनी आधी लेकीला फोन लावला.

"ऐक, पोरीला मीच सांभाळणार. जिला ठरवलं असशील, तिला आजच कळव."

"कुणाला कळवू, आई?" लेक म्हणाली. "मी दुसरं कुणी बघितलंच नाही."