हळदीकुंकवाने गंजलेली पटाशी

मित्रांनो, मी एक जुनी पटाशी आहे आणि आधीच सांगून ठेवते, मी पेचकस नाही, पहार नाही, आणि रंगाचा डबा उघडायची किल्ली तर मुळीच नाही. लाकडात खाच पाडायला सुतार ज्या सपाट पात्याच्या हत्यारावर मोगरीने ठोकतो ना, ती मी. माझ्या पाठीवर गंजाचे बारीक खड्डे आहेत. ते पाहून लोक हळहळतात. मला कुणाची हळहळ नको आहे. ते खड्डे कसे पडले ते ऐका आणि मग हवं तर लाज वाटून घ्या.

माझा जन्म नागपूरजवळच्या कन्हानचा. नदीच्या अलीकडे एका लोहाराची भट्टी होती. मोडीत निघालेल्या ट्रकच्या कमानीचा पाटा त्याने कापला आणि त्यातून मला घडवलं. म्हणजे पटाशी होण्याआधीच मी मुलुखभर हिंडले होते आणि मालाची ओझी पाठीवर सोसली होती. लोहाराने मला लाल होईतो तापवून तेलात बुडवलं, मग मंद आचेवर पुन्हा जरासं शेकलं. याला पोलादाला पाणी देणं म्हणतात. ते नीट बसलं की धार टिकते. पण पुढे कुणी अजाणतेपणी मला जास्त तापवलं, तर ते पाणी उतरतं आणि धार लोळागोळा होते. हे लक्षात असू द्या, कारण पुढे माझ्यावर तीच वेळ आली.

लोहाराकडून मला रुपराव नावाच्या सुताराने नेलं. नागपुरातल्या किती घरांच्या सागवानी चौकटी आम्ही दोघांनी मिळून जोडल्या, ते मी मोजलं नाही. रुपराव मला रोज सकाळी निसण्यावर घासायचे. निसणा म्हणजे धार लावायचा दगड. संध्याकाळी ते मला कोरड्या फडक्याने पुसायचे आणि पात्यावर तेलाचं बोट फिरवायचे. लोक त्यांच्या जोडकामाची तारीफ करायचे. तेव्हा ते माझ्याकडे बघून हसायचे, आणि मला ते पुरे होतं.

रुपराव गेले. त्यांचा मुलगा प्लायवूडचं फर्निचर करून घेणारा माणूस. त्याने मला कधी हातात धरलं नाही, पण वडिलांची आठवण म्हणून शोकेसमध्ये ठेवलं. दसऱ्याला मात्र तो मला बाहेर काढायचा, पाटावर मांडायचा, ओली हळद आणि कुंकू लावायचा, झेंडूचा हार घालायचा आणि हात जोडायचा. दुसऱ्या दिवशी हार काढून मला तशीच परत शोकेसमध्ये ठेवायचा. ती ओल माझ्या पात्यावर वर्षभर बसून राहायची. मित्रांनो, पूजेवर माझा राग नाही. रुपरावही पूजा करत. पण ते संध्याकाळी मला पुसत, आणि नंतर कामाला लावत. मुलाने नमस्कार तेवढा शिकून घेतला, फडकं विसरला. मला गंजवलं ते भक्तीने, आणि मी ते कुणापासून लपवणार नाही.

घर बदलताना त्याला शोकेस न्यायची नव्हती. मग मी इतवारीच्या बाजारात रंभाबाईच्या गोणपाटावर आले. रंभाबाई जुनी हत्यारं विकायची. माझ्या शेजारी दात गेलेली करवत होती आणि दांडा नसलेला हातोडा. रस्त्याने जाणारे मला उचलायचे, गंज बघून खाली टाकायचे. एकाने तर मला नारळ सोलायला घेतो म्हणून विचारलं. रंभाबाईने त्याला हाकलून लावलं, त्याबद्दल मी तिची आजही ऋणी आहे.

एके दिवशी तिथे दीक्षा आली. ती नागपूरला लागून असलेल्या वाडी गावातल्या एका गोदामात माल उतरवून घ्यायचं काम बघते. तिने मला उचललं आणि आधी डोळ्यासमोर धरून पातं सरळ आहे का ते पाहिलं. मग मला टांगतं धरून दुसऱ्या पटाशीने हलकेच ठोकलं. मी खणखणीत वाजले. मुद्दामच वाजले म्हणा ना. शेजारच्या दुकानातली नवी, चकचकीत पटाशी तिने तशीच वाजवून पाहिली, ती थप्प करून गप्प बसली.

"गंज वरवरचा हाय वं बाई, आतून पक्की हाय ते," रंभाबाई म्हणाली.

"पाठीवर खड्डे आहे," दीक्षा म्हणाली, "पण माले घासता येते." आणि तिने मला ओढणीच्या टोकात गुंडाळलं.

वाडीत अमरावती रोडच्या आत दीक्षाचं घर. घरात तिची आई तुळसाबाई आणि मोठा भाऊ अंकुश. घरामागे एक खोली आहे आणि सगळं भांडण त्या खोलीचंच होतं. दीक्षाने तिथे जुन्या दारांच्या फळ्या आणल्या होत्या, लाकूड घट्ट धरणारी पक्कड बसवलेलं टेबल मांडलं होतं आणि मोबाइलवर बघून बघून ती लाकूडकाम शिकत होती. अंकुशला ती खोली भाड्याने द्यायची होती. वाडीत ड्रायव्हर लोकांना खोल्या पाहिजेच असतात. बाईमाणसाने रंधा मारणं त्याला पटत नव्हतं असं नाही, त्याला ते खरं काम वाटतच नव्हतं. चार दिवसांची हौस आहे, असं तो सगळ्यांना सांगायचा.

मग विहारातल्या पुस्तकांचा प्रश्न निघाला. वस्तीतल्या बुद्धविहारात पुस्तकं खोक्यांमध्ये पडून होती आणि कुसुमताईंना, म्हणजे विहाराचं कामकाज बघणाऱ्या बाईंना, अशोक विजयादशमीला, म्हणजे दसऱ्याच्याच दिवशी, वाचनालय सुरू करायचं होतं. विहारातल्या बैठकीत दुकानातून लोखंडी कपाट आणायचं ठरत होतं. दीक्षा उठून म्हणाली, मी सागवानाचं कपाट करून देते. लोक हसले. कुसुमताई हसल्या नाहीत, पण त्या दिवशी कपाट विहारात उभं पाहिजे, दार लागलं पाहिजे, एवढं त्यांनी बजावलं. घरी आल्यावर अंकुशने आपली अट घातली. कपाट झालं तर खोली दीक्षाची. नाही झालं तर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी खोलीवर भाड्याची पाटी लागणार.

तेव्हा माझं काम सुरू झालं. दीक्षाने निसण्यावर पाणी शिंपडून माझी पाठ घासायला घेतली. पटाशीची पाठ आरशासारखी सपाट झाल्याशिवाय धार येत नाही. तिचे हात काळे झाले, बोटं सोलवटली. तुळसाबाई दारात बसून बघत असायच्या. एकदा त्यांना राहवलं नाही.

"एकाच जागी काहून घासून राहिली वं? दगडाले खड्डा पडल. मी भिवापूरची हाय. मिरची वाटून वाटून पाट्याचा खड्डा केला होता मी, मंग त्यात काहीच बारीक होये ना. साऱ्या दगडावर फिरव."

दीक्षा मला साऱ्या दगडावर फिरवू लागली. वरचा गंज गेला, खड्डे मात्र उरले. पण धारेजवळचा भाग स्वच्छ झाला. पात्याच्या टोकाला पोलादाची बारीक कोर वळली, ती तिने पाठ घासून काढून टाकली. मग तिने सागाच्या फळीच्या टोकावर मला हलकेच ढकललं आणि पातळ, अखंड साल निघाली. इतक्या वर्षांनी लाकडाचा वास आला, मित्रांनो. मला रडू आलं असतं, पण पोलादाला ओल मानवत नाही.

कपाटाचा सांगाडा उभा राहिला. फळ्या बसल्या. आता दार तेवढं राहिलं होतं. आणि तेव्हाच अंकुशने घात केला. दीक्षा गोदामात होती. तयारी असलेली बरी म्हणून त्याने खोलीच्या पाटीसाठी तिचीच एक सागवानी फळी घेतली आणि रंगाचा डबा उघडायला मला उचललं. मी निसटायचा प्रयत्न केला. त्याने जोर लावला. माझा एक कोपरा तुटला. 'खोली भाड्याने देणे आहे' अशी पाटी त्याने रंगवली, वाळत ठेवली, आणि मग त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं. बहीण चिडेल हे त्याला कळलं. खोटं कशाला बोलू, त्याला वाईटही वाटलं. म्हणून तो मला रस्त्यावरच्या गॅरेजमध्ये घेऊन गेला आणि ट्रकचे पार्ट घासतात त्या ग्राइंडरवर धरलं. ठिणग्या उडाल्या. माझं टोक तापलं, पिवळं झालं, मग निळं पडलं. लोहाराने दिलेलं पाणी तेवढ्या जागेतून उतरलं.

संध्याकाळी दीक्षाने मला पाहिलं आणि ती खालीच बसली.

"दादा, हे काय करून आणलं गा?"

"धार लावून आणली. कोपरा तुटला होता. पाह्य ना, कशी चमकून राहिली."

"चमकून नाही राहिली, जळली ते. हे निळं दिसते ना, तितकं पोलाद मेलं."

"हत्यारच हाय ना वं ते," अंकुश म्हणाला. "देव थोडीच हाय."

"देव नाही, म्हणूनच तर जपा लागते."

दसरा तोंडावर आला होता आणि नवी पटाशी आणायला ती इतवारीला गेली असती तर मला राग आला नसता. ती गेली नाही. तिने मला पुन्हा निसण्यावर धरलं आणि निळा भाग हाताने घासून काढायला घेतला. थोडं घासायचं, पाण्यात बुडवायचं, पुन्हा घासायचं. मी थोडी आखूड झाले. झाले तर झाले. निळ्याच्या मागे कन्हानचं पोलाद अजून शाबूत होतं आणि आम्ही दोघी हट्टाला पेटलो होतो. अंकुश येता-जाता बघायचा. एकदा त्याने निसण्यावर पाणी ओतून दिलं. ती त्याची माफी असावी.

विजयादशमीच्या सकाळी मार्तंडकाकांनी, शेजारच्या किराणा दुकानदारांनी, आपल्या टेम्पोतून कपाट विहारात आणलं. पांढऱ्या कपड्यांतली माणसं जमली होती, पुढे सगळ्यांना दीक्षाभूमीवर जायचं होतं. कुसुमताईंनी दार लावलं. दार लागेना. आदल्या दिवसांच्या दमट हवेने लाकूड फुगलं होतं. बोटभर फट राहिली. मागून कुणीतरी म्हणालं, लोखंडीच आणायचं होतं. अंकुशने मान खाली घातली. मला वाटलं, तो पाटीचा विचार करतोय.

दीक्षाने दार काढून टेबलावर ठेवलं आणि पिशवीतून मला काढलं. मार्तंडकाका कळवळून म्हणाले, पोरी, आज दसरा आहे, आजच्या दिवशी हत्यार चालवत नाहीत, उद्या कर.

"काका, तुमच्या घरी आज हत्याराची पूजा असते," दीक्षा म्हणाली. "माह्याकडे आज त्याले काम आहे."

काकांनी सदऱ्याच्या बाह्या सारल्या आणि दार दोन्ही हातांनी घट्ट धरलं, हलू नये म्हणून.

दार आत सरकून बसावं म्हणून तिने बिजागरीची खाच आणखी खोल करायला घेतली. जास्त गेलं असतं तर बिजागरी सैल पडली असती आणि दार कायमचं बिघडलं असतं. एकेक पापुद्रा निघत होता. मित्रांनो, दसऱ्याला मी वर्षानुवर्षं पाटावर हार घालून आडवी पडलेली होते. त्या दिवशी माझ्या अंगावर हळद नव्हती, सागाचा भुसा होता. मी एकदाही अडले नाही. दार परत बसवलं. कुसुमताईंनी ते एका बोटाने ढकललं आणि ते टक् आवाज करून लागलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लोक खोक्यातून पुस्तकं काढून कपाटात लावू लागले, ते मला जास्त आवडलं.

दुसऱ्या दिवशी अंकुश मागच्या खोलीत आला. त्याच्या हातात ती रंगवलेली पाटी होती. दीक्षा उठून उभी राहिली. त्याने पाटी टेबलावर ठेवली.

"फळी सागाची हाय," तो म्हणाला. "वाया काहून घालवा. तुह्या हत्याराले टांगाले होईल."

तर मित्रांनो, आता मी त्या फळीवर टांगलेली असते. हळद लावायची असेल तर लावा, हार घालायचा असेल तर घाला, पण संध्याकाळी मला पुसा. धार लावताना घाई करू नका, मशीनवर धरून जाळू नका, आणि डबा उघडायला दुसरं काहीतरी शोधा. आणि आमच्यातल्या कुणाला शोकेसमध्ये ठेवून आठवण जपतो म्हणू नका. आम्ही आठवणी नाही. आम्हाला काम द्या.

फळीवरची अंकुशची अक्षरं दीक्षाने तशीच ठेवली आहेत. फक्त शेवटचं 'आहे' तिने माझ्याच धारेने तासून काढलं आणि त्या जागी 'नाही' कोरलं. सपाट पात्याने वळणं काढणं सोपं नसतं, त्यामुळे वेलांटी जरा वाकडी आली आहे. पण दारातून येणाऱ्या कुणालाही ते स्पष्ट वाचता येतं.