यादीतली सतरावी

"वाजला का गं माझा फोन?" मावशीने तिसऱ्यांदा विचारलं.

"वाजला असता तर तुम्हालाच आधी ऐकू आला असता," चादरीचं दुसरं टोक ओढत कामावरची जोडीदारीण म्हणाली. "सकाळपासून कान तिकडेच लावून बसलाय."

ते खोटं नव्हतं. हॉस्पिटलच्या लाँड्रीत मावशीला एकोणीस वर्षं झाली होती. एवढ्या घरघरीतही कुठल्या मशीनचा पट्टा सैल झालाय हे तिला आवाजावरून कळायचं. पण आज अकराला निकाल लागायचा होता, बारा वाजून गेले होते, आणि फोन मुका होता.

तिची लेक घराजवळच्या लहान कॉलेजात दोन्ही वर्षं पहिली आली होती. अंगाने एवढीशी आणि सतत कामात, म्हणून तिला घरात मुंगी म्हणायचे. मोठ्या विद्यापीठात थेट तिसऱ्या किंवा चौथ्या वर्षाला बदलून जाता येतं, पण जागा फक्त बारा आणि अर्ज हजारावर, हे समजल्यापासून मुंगीची झोप उडाली होती. अडीच महिने घरातल्या सगळ्यांचा, म्हणजे या मायलेकींचा, जीव टांगणीला लागला होता. नवरा मुंगी लहान असतानाच गेला होता. खरं तर जीव तिघींचा टांगणीला होता. तिसरी मैना.

मैना म्हणजे मुंगीची वर्गमैत्रीण. आईबाप दोघं बँकेत अधिकारी, घर मोठं, पण पोरीचा मुक्काम बारा महिने यांच्या दोन खोल्यांत. तोंडाला विश्रांती म्हणून नाही, म्हणून मावशीनेच तिला मैना नाव ठेवलं होतं. तिनेही तिथेच अर्ज केला होता. दोघी एकाच टेबलावर बसून फॉर्म भरायच्या आणि मावशी दोघींच्या पुढे चहा ठेवायची.

फोन वाजलाच नाही. साडेबाराला मुंगी स्वतःच लाँड्रीच्या दारात येऊन उभी राहिली. तिचा चेहरा बघून मावशीने हातातली चादर खाली ठेवली.

"नाही झालं?"

मुंगीने मान हलवली.

"आणि मैनाचं?"

"झालं."

"चला, एकीचं तरी झालं," मावशी बोलून गेली. मन मोठं करायची तिला सवयच होती. "रडू नकोस. पुढच्या वर्षी—"

"आई, मला नुसतं नाही म्हटलेलं नाही त्यांनी. मी चोरी केली म्हणतायत."

तिने फोन पुढे केला. अर्जासोबत जे निवेदन जोडायचं होतं, स्वतःबद्दल दोन पानं, त्याचा मोठा भाग आधी आलेल्या दुसऱ्या एका अर्जाशी शब्दशः जुळत होता. सबब अर्ज बाद. काही म्हणायचं असल्यास सात दिवसांत कळवावे.

"तुझंच तर होतं ते! माझ्यावर लिहिलेलं. तू वाचून दाखवलं होतंस मला."

"मी ते मैनाला दिलं होतं," मुंगी म्हणाली. "भाषा नीट करायला. तिने दोन दिवस ठेवून घेतलं."

मावशीला तरीही पटेना. दुसरी कुणी असेल, मशीनची काहीतरी गफलत असेल, असं ती दिवसभर म्हणत राहिली. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या फलकावर मैनाचा फोटो लागला. प्रिन्सिपलना एवढा आनंद झाला होता की ऑफिसातल्या प्रतीवरून त्यांनी तिचं निवेदनही फोटोखाली डकवलं. मुंगीने त्याचा फोटो काढून आणला आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचायला लागली.

'माझी आई हॉस्पिटलच्या लाँड्रीत काम करते. ब्लीचने तिच्या बोटांवरच्या रेषा पुसल्या गेल्या आहेत...'

सगळं तेच होतं. बोटं तीच, थंडीत तडकणाऱ्या टाचा त्याच, हजेरीच्या मशीनवर अंगठा उमटत नाही म्हणून साहेबाशी झालेलं भांडण तेच. मावशी स्टुलावर बसली. मुंगीचा आवाज मात्र एका ठिकाणी अडखळला आणि मग फार हळू झाला.

'आईचं नर्सिंगच्या ट्रेनिंगला नाव लागलं होतं. यादीत ती सतरावी होती. गणवेश शिवून तयार होता. तेवढ्यात माझी चाहूल लागली. तो गणवेश तिने कधीच घातला नाही. गेली एकोणीस वर्षं ती दुसऱ्यांचे गणवेश इस्त्री करते आहे.'

मुंगीने फोन ओट्यावर ठेवला.

"हे मी लिहिलं नव्हतं. हे खरं आहे?"

मावशीने मान डोलावली.

"तिला सांगितलंस. मला नाही."

"तुला वाटलं असतं, तुझ्यामुळे माझं..."

"मग आता नाही वाटत का?"

मैनाला सांगणं काही ठरवून झालं नव्हतं. एका दुपारी मैना लवकर आली होती, मुंगी वर्गात होती. मावशी इस्त्री करत असताना मैनाने सहज विचारलं होतं, "काकू, तुम्हाला काय व्हायचं होतं हो?" आणि इतक्या वर्षांचं गाठोडं मावशीने त्या पोरीपुढे सोडलं होतं. मैना तेव्हा रडली होती. मावशीने तिला पाणी दिलं होतं.

संध्याकाळी ती एकटीच मैनाच्या घरी गेली. आईबाप बाहेर गेले होते. मैनाने दार उघडलं आणि तिचा रंग उडाला. मागे नवी कोरी बॅग अर्धी भरलेली दिसत होती.

"काकू, बसा ना."

"बसायला नाही आले. असं का केलंस?"

मैना दाराच्या कडीशी चाळा करत राहिली. बोलायची थांबलेली मैना मावशी पहिल्यांदाच बघत होती.

"मला लिहायला काही नव्हतंच, काकू," शेवटी ती म्हणाली. "आमच्याकडे सगळं ठीकच आहे. पंधरा दिवस कोरा कागद घेऊन बसले होते. मुंगीचं वाचलं आणि वाटलं, ते कधीतरी अशा कुणाला घेतील का, जिच्यापाशी सांगण्यासारखं काही नाही? आणि मला वाटलं, कुणी ताडून बघत नसेल."

"माझ्या पोरीवर चोरीचा ठपका आलाय."

"मला नव्हतं माहीत असं होईल. खरंच नव्हतं." मग ती हळूच म्हणाली, "आणि ट्रेनिंगचं तर मुंगीच्या निवेदनात नव्हतंच. ते तुम्ही मला सांगितलं होतं."

"लिहायला सांगितलं होतं का?"

"मग कशाला सांगितलंत?"

"तू विचारलंस म्हणून," मावशी म्हणाली. "दुसऱ्या कुणी कधी विचारलं नव्हतं."

मैना रडायला लागली. मावशीचा हात सवयीने तिच्या डोक्याकडे निघाला होता. तो तिने पर्सच्या पट्ट्यावर आणून घट्ट ठेवला.

"तुम्ही तक्रार करणार?"

"उद्या."

"माझं सगळं जाईल, काकू."

मावशी वळून जिना उतरली. केसाने गळा कापला म्हणतात, तो असा आपल्याच हातचा चहा पिऊन कापला जातो, हे तिला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती मुंगीबरोबर विद्यापीठात गेली. दोघी बसमध्ये शेजारी बसल्या, पण मुंगी पूर्ण वेळ खिडकीतून बाहेर बघत होती. काउंटरवरचा कारकून सभ्य होता. नोकरीचं ओळखपत्र त्याने पाहिलं, दोन्ही निवेदनं समोर ठेवली आणि म्हणाला, "लाँड्रीचं ठीक आहे. पण ट्रेनिंगचा हा भाग तुमच्या मुलीच्या अर्जात नाही. तो समोरच्या मुलीच्या आईचा नाही कशावरून? काही कागद?"

"कागद नाही. फाडून टाकला होता."

"मग?"

मावशीने साल सांगितलं, महिना सांगितला. सरकारी प्रशिक्षण केंद्राचं नाव सांगितलं. लग्नाआधीचं आपलं नाव सांगितलं. यादी दाराच्या डाव्या बाजूला लावली होती, सोळावी मुलगी चष्मेवाली होती आणि अठरावी रडत होती, हेही सांगितलं. "त्यांच्या जुन्या रजिस्टरात बघा. मी सतरावी."

कारकुनाने लिहून घेतलं. शेजारी उभी मुंगी पहिल्यांदाच आईकडे वळून बघत होती, अनोळखी बाईकडे बघावं तशी.

पाच आठवड्यांनी उत्तर आलं. केंद्राच्या नोंदी तपासल्या, तुमचं म्हणणं ग्राह्य, मुलीवरचा आक्षेप मागे घेण्यात येत आहे. या वर्षीच्या जागा भरल्या असल्याने पुढील वर्षी नव्याने अर्ज करावा. दुसऱ्या अर्जदाराबाबत माहिती देता येत नाही. पण माहिती मिळायची ती मिळालीच. मैनाची चौकशी 'विचाराधीन' होती आणि मैना तिकडे विद्यापीठात मजेत वर्गात बसत होती. निरोप घ्यायला ती आली नाही. आली असती तर काय केलं असतं, याचा विचार मावशीने बरेच दिवस केला.

मुंगी त्याच लहान कॉलेजात तिसऱ्या वर्षाला बसली. आईशी नीट बोलायची. डबा भरून घ्यायची, आल्यावर भांडी घासायची. फक्त कॉलेजात काय झालं ते सांगेनाशी झाली आणि मावशीलाही विचारायचा धीर होईना.

पुढच्या अर्जाची तारीख जाहीर झाली. एका रविवारी सकाळी मुंगी टेबलावर कागद घेऊन बसली. मावशीने तिच्यापुढे चहा ठेवला.

"निवेदन का गं?"

"हो."

"काय लिहितेयस?"

"या वेळी तुझ्याबद्दल नाही."

"बरं," मावशी म्हणाली.

ती वळताना मुंगीने डावा तळवा कागदावर पसरून ठेवला. लिहिलेलं झाकायला चार ओळीही नव्हत्या. मावशीने ते पाहिलं, पण पाहिलं नाही असं दाखवलं. टेबलाला वळसा घालून ती खिडकीशी गेली आणि लेकीच्या कागदावर उजेड यावा म्हणून पडदा बाजूला सारून, बाहेर बघत उभी राहिली.